अ‍ॅक्सोलॉटलच्या कल्ल्याला कापूस लागलाय, काय करू? (बजेट 2000)

राजेंद्रनगर_इंदूर
मुलाच्या हट्टापायी (माइनक्राफ्ट गेमची कृपा) आठ महिन्यांपूर्वी अ‍ॅक्सोलॉटल घेतला. नाव बंड्या, पांढरा, वीतभर. तीन दिवस झाले, गांडूळ तोंडापुढे धरलं तरी तोंड फिरवतो. एरवी कल्ले पिसासारखे मागे फुललेले असतात, ते आता पुढे वळलेत. डावीकडच्या मधल्या कल्ल्याला कापसाचा बोळा चिकटावा तसं काहीतरी आहे. शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकलंय. टाकी तीन फुटी, पाणी नर्मदेचं, आज दुपारी 28 डिग्री. बजेट दोन हजार. घरात मुंज आहे, वर एक रुपया निघणार नाही. चिलर (पाणी गार ठेवायचं मशीन) सुचवू नका, हात जोडते.

थंडगार_बडोदा
चिलर घ्या. मला 31 हजाराला पडला, पण वर्षभर 17 डिग्रीवरून काटा हलला नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात 42 असतं. जनावर पाळायचं तर पाळायचं.

पोहे_जिलबी
ताई, हा मासा आहे ना? माशांच्या औषधाची निळी बाटली मिळते, चार थेंब टाका.

बिनमाशाचा
मासा नाही, सॅलमँडर आहे, म्हणजे बेडकासारखाच उभयचर, पण शेपटीवाला. मेक्सिकोतल्या शोचिमिल्को तलावाचा. जन्मभर पाण्यात राहतो, कल्ले गळत नाहीत.

पोहे_जिलबी
दुकानदार वॉकिंग फिश म्हणाला होता.

रामबाग_जुना
दुकानदाराचं ऐकून मी माझा घालवला. अशाच कापसावर त्यानं हिरवं औषध दिलं, मॅलाकाइट ग्रीन. दुसऱ्या दिवशी सकाळी उलटा तरंगत होता. ह्यांची कातडी औषध शोषून घेते. मॅलाकाइट नको, तांबं असलेलं काहीच नको. निळं म्हणजे मिथिलीन ब्ल्यू असेल तर चालतं, पण वेगळ्या टबात, माशांच्या निम्म्या डोसने. टाकीत ओतलं तर फिल्टरचे जिवाणू मरतात.

मिठाचा_खडा
तो कापूस म्हणजे बुरशी. मिठाची आंघोळ घाला. एक लिटर पाण्याला दोन-तीन सपाट चहाचे चमचे बिनआयोडीनचं मीठ, दिवसातून एकदा, दहा मिनिटं. मी अर्धा तास ठेवायचो, काही झालं नाही.

रामबाग_जुना
तुमचं नशीब. पंधरा मिनिटांवर गेलं की कल्लेच भाजतात. हो, कल्ले परत उगवतात, हातपायही उगवतात, पण म्हणून मुद्दाम भाजायचे का?

मिठाचा_खडा
मी तीन अ‍ॅक्सोलॉटल वाढवलेत. तुमचा किती दिवस जगला?

गांडूळप्रेमी
भांडू नका. ताई, इंदूरात गांडुळं कुठे मिळतात? आमच्या बाईसाहेब पॅकेटचे दाणे खात नाहीत.

थंडगार_बडोदा
28 डिग्रीत मीठ घाला नाहीतर अमृत. 24 च्या वर गेलं की हे खचतात, गरम पाण्यात प्राणवायू कमी आणि बुरशी जोरात. म्हणून म्हणतो, चिलर.

नायट्रेट_काकू
पाण्यातला अमोनिया (त्याच्याच घाणीतून होणारं विष) तपासला का? कल्ले पुढे वळले की आधी पाणी तपासायचं. नाहीतर फिल्टरचा जोर जास्त असेल, ह्यांना वाहतं पाणी सोसत नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवं, नायट्रेट 20 च्या आसपास चालेल. आणि फिल्टरचा स्पंज कधी, कसा धुतला?

राजेंद्रनगर_इंदूर
काकू, स्पंज मागच्या रविवारी धुतला. नळाखाली, पांढरा स्वच्छ होईपर्यंत. शेजारच्या मुलाकडून किट आणलं, अमोनिया 1 दाखवतंय.

नायट्रेट_काकू
तिथेच घोळ. इंदूरचा स्वच्छतेत नंबर पहिला, म्हणून स्पंजही चकाचक? अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्याच काळपट थरात राहतात. नळाच्या क्लोरिननं गेले सगळे. स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचा असतो. आता बंड्याला टबात काढा, रोज सगळं पाणी बदला, अँटीक्लोरीन घालूनच. टाकी परत जमायला महिना-दीड महिना धरा.

फ्रिजवाला
टब फ्रिजमध्ये ठेवा. 5 ते 8 डिग्री, झाकणाला भोकं, आठवडाभर. आमच्याकडे भाजीच्या कप्प्यात होता, सासूबाई माहेरी गेल्या होत्या म्हणून जमलं.

सरकारी_कागद
हा प्राणी साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये आहे. पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलीत का? दुकानाची पावती आहे?

पोहे_जिलबी
तिथे जीव चाललाय आणि ह्यांना पावती हवी.

सरकारी_कागद
मी कायदा सांगितला, राग कसला. आणि महूला व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथे का नाही दाखवत?

राजेंद्रनगर_इंदूर
नऊ दिवसांनी सांगतेय. चिलर नाही घेतला. फ्रिज नाही, त्यात मुंजीचा खवा आहे. मिठाचं पाणी करून ठेवलं होतं, पण त्याच्याकडे बघून धीर झाला नाही. महूलाही नाही गेले, उन्हात पाऊण तास त्याला गाडीत कोंबायचं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, माठात पाणी गार होतं तर ह्याला काय धाड भरलीय. कुंभाराकडून पसरट कुंडी आणली, 350 रुपये. तिच्यात पाणी, पाण्यात बंड्याचा टब, भोवती ओलं पोतं, समोर टेबलफॅन. आपल्याकडची हवा इतकी कोरडी की दुपारी तीनला टबात 21. रात्री 19. पोतं दर दोन तासांनी भिजवायचं, ते काम मुलाकडे.

काकूंचं मात्र ऐकलं: रोज सगळं पाणी बदललं, अमोनिया शून्य. पाचव्या दिवशी कापूस सुटून तळाला पडला होता, राखाडी, नखाएवढा. कल्ल्याची दोन-तीन पिसं गेली. काल रात्री गांडूळ ओढलं, अर्धं बाहेर लटकत होतं, मग सुर्रकन आत.

थंडगार_बडोदा
मे महिन्यात बघू.

मिठाचा_खडा
मीठ घातलं असतं तर दोन दिवसांत पडला असता.

फ्रिजवाला
पावसाळ्यात हवा दमट झाली की कुंडी चालणार नाही. भाजीचा कप्पा लक्षात ठेवा.

नायट्रेट_काकू
घाईनं टाकीत सोडू नका. आणि तळाला बारीक खडे असतील तर काढून टाका, गांडुळाबरोबर गिळतो आणि पोट बंद होतं.

गांडूळप्रेमी
गांडुळांचं कोणीच सांगितलं नाही.

राजेंद्रनगर_इंदूर
आमच्या मागच्या अंगणात या, अळूच्या वाफ्याजवळ खणा. तिथे खत-औषध काही मारलेलं नाही. येताना डबा आणा, आमचे सगळे मुंजीच्या लाडवांत गेलेत.