कच्च्या भांगेच्या पानांचा रस, नशा येत नाही म्हणतात, आईच्या संधिवाताला देऊन बघू का?

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. आई ६४ वर्षांची, आमवात आहे, सकाळी उठल्यावर बोटं इतकी आखडतात की चहाच्या कपाचा कान धरता येत नाही, तांब्या दोन्ही हातांनी उचलते. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे. आता हणजुण्याला शॅकवर काम करणारा एक ओळखीचा आहे, तो म्हणतो गांजाची ओली पानं मिक्सरला लावून रस घ्यायचा, त्यात टीएचसीए म्हणून काहीतरी असतं, नशा शून्य आणि सूज उतरते, परदेशी लोक रोज पितात म्हणे. कुंडीतलं रोप पण देतो म्हणाला. खरं काय यात? कोणी वापरलंय का? आणि चेष्टा करू नका प्लीज, आईसाठी विचारतोय.

औषधवाला_म्हापसा
चेष्टा कशाला रे, तो बोलला त्यातलं अर्धं खरं आहे. ताज्या झाडात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा पदार्थ, जवळजवळ नसतंच, असतं ते टीएचसीए. म्हणजे तोच रेणू, पण त्याला एक आम्लाची शेपटी चिकटलेली, त्यामुळे तो मेंदूत नीट शिरत नाही आणि डोकं गरगरत नाही. विडी पेटवली, भाजलं, शिजवलं की शेपटी कार्बन डायऑक्साइड होऊन उडते आणि खाली उरतं टीएचसी. ११० डिग्रीच्या आसपास अर्धा पाऊण तास ठेवलं तरी बरंचसं बदलतं, आणि नुसतं उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवलं तरी हळूहळू बदलत राहतं, त्यामुळे "नशा शून्य" हे झाडावरून आत्ता खुडलेल्या पानालाच लागू, तेही अगदी शून्य नाही.

फायद्याचं म्हणशील तर २०१७ मध्ये स्पेनच्या लोकांनी उंदरांवर काम केलं, टीएचसीए पेशीतल्या पीपीएआर गॅमा नावाच्या स्विचवर बसतो आणि मेंदूतली सूज कमी होते असं दिसलं. २०२० मध्ये तर थेट संधिवात झालेल्या उंदरांवर पण प्रयोग झाला, सूज उतरली. मळमळीवर उंदीर आणि चिचुंद्रीवर झालंय. पण सगळा खेळ उंदीर-चिचुंद्रीचा, आणि तोही शुद्ध केलेला, वजन करून दिलेला रेणू. तुझ्या मिक्सरमधल्या मूठभर पानात तो किती उतरला ते कोण मोजणार? माणसांवर नीट मोठी चाचणी झालेली नाही.

माझी खरी भीती वेगळीच आहे. मेथोट्रेक्सेट लिव्हरवर ताण देतं, म्हणून तर दर काही महिन्यांनी रक्त तपासतात. याच झाडातल्या सीबीडी नावाच्या दुसऱ्या एका पदार्थाने काही लोकांचे लिव्हर एन्झाइम वाढतात हे औषध म्हणून वापरताना दिसलंय. दोन्ही एकत्र चालू केलंस आणि रिपोर्ट बिघडला तर दोष कोणाचा, ते डॉक्टरलाही सांगता येणार नाही.

फोंड्याची_माई
अरे पण भांग तर कोणी पेटवत नाही, तरी चढते की! आमचे मामा एकदा शिवरात्रीला नाशकात थंडाई पिऊन आले नि रात्रभर पंख्याला नमस्कार करत बसले होते 😄

औषधवाला_म्हापसा
माई, कारण ती वाळलेली पानं असतात, वर उकळतात नाहीतर तुपात परततात. उष्णता लागली की काम झालं.

वैद्यबाय
हेच सांगणार होते. आयुर्वेदात विजया, म्हणजे भांगच, आहे, पण कच्ची द्यायची पद्धत नाही, आधी शोधन, पाणी हिरवं यायचं थांबेपर्यंत धुवायची, वाळवायची, गायीच्या तुपात मंद परतायची. म्हणजे "कच्चा रस हा आपला जुना उपाय" असं कोणी सांगत असेल तर ते आपलं नव्हे, ते कॅलिफोर्नियाकडचं फॅड. विजयेची औषधं कायदेशीर मिळतात, पण चिठ्ठीवर, वैद्याच्या देखरेखीखाली. आणि पणजीत दुकानात हेम्प सीड ऑइलची बाटली दिसते ना, ती वेगळी, बियांचं तेल, २०२१ पासून खाद्य म्हणून परवानगी आहे, त्यात टीएचसीए शोधू नको.

पेडण्याचो_तारवटी
भावा कुंडी घरात आणू नकोस मरे. नुसत्या पानांचं कायद्यात वेगळं आहे, एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, गांजा म्हणजे फुलांचे शेंडे, पण झाड लावणं हाच गुन्हा, कलम २०, दहा वर्षांपर्यंत. भाड्याच्या खोलीत झाडं लावलेली पकडली अशी बातमी पेपरात वाचतोच की आपण. २०२० च्या शेवटी सरकारी पातळीवर औषधी लागवडीची फाईल फिरली होती तेव्हा केवढा आरडाओरडा झाला आठवतं ना.

अजून एक, घरात कोणी बोटीवर आहे का? मी आहे म्हणून विचारतो, आमची लघवी तपासतात. रसात थोडंफार टीएचसी असतंच, तेवढ्यानं पॉझिटिव्ह येऊ शकतं आणि मग "कच्चा रस होता हो" हे कोणी ऐकत नाही, सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, घेऊन घरी.

डिचोलीकर
बापरे. धाकटा भाऊ बोटीवरच आहे, पुढच्या महिन्यात जॉइन होतोय, आणि घरात जे आईसाठी करतात त्यातला घोट तो मारतोच, आवळ्याचा रस सुद्धा सोडत नाही. रोप नको म्हणून कळवलं त्या शॅकवाल्याला, तो थोडा नाराज झाला. आईला विचारलं तर म्हणते मला कोणी विचारलं का आधी, मी पिणारच नव्हते. गुरुवारी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात तिची ओपीडी आहे, सकाळच्या आखडण्याचं नीट सांगतो, गोळीचा डोस बघायचा राहिलाय बरेच महिने.

@वैद्यबाय, तोपर्यंत निर्गुडीच्या पाल्याचा शेक चालेल ना? परसात आहे झाड.

वैद्यबाय
चालेल. पाला गरम करून फडक्यात बांध, आणि आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघ, तिला चटका बसायला नको.