बॅलेचं स्वप्न म्हणजे "फसवणूक"? गंगापूररोड यांना उत्तर

ठाणे_पूर्व

परवा याच मंचावर गंगापूररोड या टोपणनावाच्या सदस्यांनी लिहिलं होतं, "भारतात राहून मुलीला व्यावसायिक बॅले नर्तकी व्हायचं स्वप्न बघू देणं ही आईबाप आणि क्लासवाल्यांनी मिळून केलेली फसवणूक आहे. आठव्या वर्षी टुटू (बॅलेचा फुगीर झगा) घालून गोड दिसते म्हणून दहा वर्षं पैसे ओतायचे आणि अठराव्या वर्षी रिकाम्या हाताने घरी आणायची." खाली भराभर अंगठे पडले. दोन दिवस गप्प बसले, आता नाही राहवत.

ती रिकाम्या हाताने घरी आलेली मुलगी मी आहे. वय ३९.

आठव्या वर्षी सुरुवात केली. शनिवार-रविवार ठाण्याहून स्लो लोकलने दक्षिण मुंबई. आईच्या पिशवीत माझे जोडे, पोळीभाजीचा डबा आणि तिचं विणकाम. पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायचे कडक टोकाचे जोडे, इथे मिळत नव्हते. कुणाचा काका लंडनहून येणार असला की कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने कड काढायची आणि तो कागद पाठवायचा. जोड्याचं टोक म्हणजे कापड आणि खळ यांचे थर. जुलैत आपल्या हवेला ते मऊ पडायचं, बोट आत बसायचं. आई त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून जोडे फ्रिजच्या मागे, गरम हवा येते तिथे टांगायची. रिबिनी मीच शिवायचे, टाके सॅटिनच्या बाहेर दिसता कामा नयेत म्हणून तीनतीनदा उसवून.

अठराव्या वर्षी युरोपात एका शाळेच्या ऑडिशनला गेले. छातीवर ६३ नंबर. बारवरचे, म्हणजे आडवा दांडा धरून करायचे व्यायाम झाले, मधल्या जागेत यायच्या आधीच नंबर वाचले. ६३ नव्हता. परत आले, बीकॉम केलं, आज नोकरी करते. पण ती दहा वर्षं कुणी फुकट गेलेली म्हणत असेल तर मी ऐकून घेणार नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात जागी वर्षं तीच होती.

आणि "इथून कोणी होत नाही" असा जो एकूण सूर आहे, तोही खोटा आहे. नवी मुंबईचा आमिरुद्दीन शाह, वेल्डरचा मुलगा, २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. मनीष चौहान, वडील टॅक्सी चालवायचे, त्याने बॅले सुरू केलं तेच मोठेपणी. दोघांनाही मुंबईत येहुदा माओर नावाच्या शिक्षकाने घडवलं. त्यांच्या आईबापांनी कुणाला फसवलं?

गंगापूररोड

ताई, तुमच्या आईबद्दल आदर आहे. पण दोन नावांनी रस्ता होत नाही. ही दोन नावं प्रत्येक क्लासच्या जाहिरातीत आहेत, म्हणूनच मला चीड येते. त्या मुलांना रोज तासन्‌तास शिकवणारा गुरू मिळाला. आपल्या पोरींना काय मिळतं? आठवड्यातून दोनदा एकेक तास, तोही सोसायटीच्या हॉलमध्ये.

सेंट पीटर्सबर्गच्या वागानोवा अकादमीत दहा वर्षांच्या मुलाला घेताना आधी शरीर बघतात. कमरेपासून पाय किती बाहेर वळतो, पाठ किती वाकते, पाऊल कसं आहे. मग आठ वर्षं रोज तेच. रॉयल बॅले स्कूलची धाकटी शाळा अकराव्या वर्षापासून, तिथेच राहून. आपली मुलगी अठराव्या वर्षी या मुलांशेजारी उभी राहते. तुमचा ६३ नंबर का वाचला नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता माझं. मुलगी अकरा वर्षं शिकली. शेवटची पाच वर्षं दर शनिवारी नाशिक-मुंबई, मी गाडी चालवायचो, ती मागे झोपायची. सोळाव्या वर्षी पायाच्या हाडाला बारीक तडा गेला, चार महिने घरात. तरी बाई म्हणत राहिल्या, ही खूप पुढे जाणार. मग बाहेरून एक पाहुणे शिक्षक कार्यशाळेला आले. दहा मिनिटं बघून म्हणाले, नितंबाच्या सांध्याचा टर्नआउट, म्हणजे पाय बाहेर वळणं, पुरेसा नाही, व्यवसाय म्हणून विचार करू नका. दहा मिनिटं! जे त्यांना दहा मिनिटांत दिसलं ते आमच्या बाईंना अकरा वर्षांत दिसलं नसेल? दिसलं होतं. फी चालू होती.

पायवाट

मिस्टी कोपलँडने तेराव्या वर्षी सुरुवात केली आणि २०१५ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरची प्रिन्सिपल, म्हणजे पहिल्या फळीची नर्तकी झाली. रशियन नर्तक नुरेयेव्ह लेनिनग्राडच्या बॅले शाळेत गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. उशीर झाला, शरीर नाही, हे सगळं घाबरट पालकांचं बोलणं आहे.

श्टुटगार्टवाली

पायवाट, ही उदाहरणं फेकताना पूर्ण तरी सांगा. नुरेयेव्ह सतराव्या वर्षी कोरा नव्हता, आपल्या उफा गावी लहानपणापासून लोकनृत्य आणि मग तिथल्या बॅलेत नाचत होता. कोपलँडने तेरानंतर जे केलं ते आठवड्यातून दोन तास नव्हतं.

मी इथे जर्मनीत बारा वर्षं आहे. इकडे शहराची आणि राज्याची नाट्यगृहं सरकारी पैशावर चालतात आणि कित्येकांचा स्वतःचा बॅले संघ असतो. नर्तक म्हणजे पगारी नोकर. म्हणजे नोकऱ्या आहेत, पण त्यांच्यासाठी जगभरातून मुलं येतात. करार बहुधा एकेका हंगामाचा, आणि चाळिशीच्या आत बहुतेकांचं नाचणं संपतं. आमच्या खालच्या मजल्यावरचा एकजण पस्तीसला थांबला, आता फिजिओथेरपी शिकतोय. मुलीला हेही सांगा, की स्वप्न पुरं झालं तरी ते पंधरा-सतरा वर्षांचंच असतं.

तिहाई

मी कथक शिकवते, तेवीस वर्षं झाली. माझा मुद्दा सरळ आहे. बॅलेच का? रशियन बॅले नर्तकी ॲना पावलोव्हाने भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना सांगितलं होतं की तुमच्या मातीतला नाच शोधा. त्यातून पुढे चेन्नईचं कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था उभी राहिली. मॅडम मेनका, म्हणजे लीला सोखी, त्यांनाही पावलोव्हाचंच प्रोत्साहन. त्या कथककडे वळल्या, संच घेऊन १९३६ मध्ये बर्लिनला बक्षिसं मिळवली आणि आपल्या खंडाळ्यात नृत्यशाळा काढली. जगातली सर्वात मोठी बॅले नर्तकी आपल्याला आपल्याकडे वळा म्हणते, आणि आपण शंभर वर्षांनी मुलींना टाचा उचलायला पाठवतो. कथकमध्ये चाळिशीत खरा बहर येतो, इथे पस्तिशीत निवृत्ती नाही.

ठाणे_पूर्व

तिहाईताई, रुक्मिणीदेवी स्वतः बॅले शिकल्या होत्या, पावलोव्हाच्या संघातल्या क्लिओ नॉर्डींकडे. तो अभ्यास करून त्या भरतनाट्यमकडे आल्या. आठ वर्षांच्या मुलीचं मन ज्या नाचाने हललं तो नाच तिचा. मला कुणी म्हटलं असतं की हे नको, ते आपलं आहे ते कर, तर मी काहीच केलं नसतं.

मास्तर_सांगली

कथकचं तरी काय ठेवलंय आपण? माझ्या वर्गात दरवर्षी सातआठ मुली "मध्यमा" परीक्षा झालेल्या असतात. एकीला विचारलं, झपताल किती मात्रांचा? गप्प. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळायला लागल्यापासून परीक्षा म्हणजे रांग झालीय. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, दाखला घेतला की घुंगरू माळ्यावर.

दहावीची_आई

मास्तर, मुलींवर का घसरता? माझी लेक सहा वर्षं भरतनाट्यम करते, पहाटे पाचला उठते. तिला चार गुण जास्त मिळाले तर तुमच्या पोटात का दुखतं? खेळाडूंना मिळतात तेव्हा कुणी काही बोलत नाही.

मास्तर_सांगली

पोटात दुखत नाही, जीव तुटतो. गुण ठेवल्यावर जो मुलगा खरोखर तबल्यासाठी तबला शिकतो तोही "गुणांसाठी" या शिक्क्याखाली येतो.

पायवाट

आणि बॅलेला तर एक गुणसुद्धा नाही. माझ्या भाचीने लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या पाच परीक्षा दिल्यात, परीक्षक परदेशातून येतात. शाळेने प्रमाणपत्र बघून परत केलं, यादीत नाही म्हणाले. लावणीला चालतं, दशावताराला चालतं, हिला नाही.

तिहाई

"लावणीलासुद्धा" असा सूर लावू नका. लोककलेला गुण मिळालेच पाहिजेत, उशिराच मिळाले. सरकारने लंडनच्या परीक्षेला का गुण द्यावेत?

पायवाट

मी "सुद्धा" म्हटलेलंच नाही. नीट वाचा.

दहावीची_आई

भावना तीच होती. आणि मास्तर, तुमच्यासारखे शिक्षक वर्गात मुलींना "तू गुणांसाठी नाचतेस" असं तोंडावर म्हणतात. माझी मुलगी रडत घरी आली होती. तुम्ही नसाल, पण तुमच्यासारखाच कुणीतरी.

मास्तर_सांगली

मी कधीच कुठल्या मुलीला असं म्हटलेलं नाही आणि म्हणणार नाही. पण तो प्रश्न वर्गात विचारला होता, सगळ्यांसमोर, हे खरं. नको होता विचारायला. तेवढं मान्य. बाकी माझं मत तेच.

ठाणे_पूर्व

गुणांचा वेगळा धागा काढा, हात जोडते. ज्या मुलीला रंगमंचावर उभं राहायचंय तिला चार गुणांनी काय फरक पडतो? गंगापूररोड यांच्या मुलीच्या पायाला तडा गेला, त्यावर कुणी एक ओळ लिहिली नाही.

घोटा

मी लिहिते. फिजिओथेरपिस्ट आहे, नाचणारी मुलं माझ्याकडे येतात. तडा जाण्यात निव्वळ नशीब नसतं, जमिनीचाही वाटा असतो. शहाबादी फरशी किंवा काँक्रीटवर चिकटवलेली टाइल, त्यावर उड्या. बॅलेला खाली फळ्यांची जाळी असलेली, दाबली की थोडी देणारी लाकडी जमीन लागते. "वूडन फ्लोअर" लिहिलेल्या निम्म्या ठिकाणी सिमेंटवर लाकडी रंगाची शीट असते. टाचेने ठोकून बघा, आवाजावरून कळतं.

दुसरं, पॉइंट. साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी नाही, आणि तेही घोटा, पोटरी, कंबर तयार असेल तर. नवव्या वर्षी वार्षिक कार्यक्रमासाठी मुलीला पॉइंटवर चढवणारे क्लास मी पाहिलेत. टर्नआउटचं म्हणाल तर नितंबाच्या खोबणीची ठेवण बरीचशी जन्मजात असते. व्यायामाने आहे तेवढी वापरता येते, हाड बदलत नाही. ती खोबण कमी असेल तर मुलगी गुडघ्यातून आणि घोट्यातून पाय वळवते, पावलं सरळ रेषेत दिसतात, आई खूश होते आणि दोन वर्षांनी गुडघा दुखतो.

गंगापूररोड, तुमच्या मुलीला कुणीतरी बाराव्या वर्षी झोपवून मोजायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम आहे.

गंगापूररोड

हेच तर म्हणतोय. पाच मिनिटांचं काम, आणि अकरा वर्षं कुणी केलं नाही.

ठाणे_पूर्व, एक सरळ विचारतो. तुमच्या जुन्या प्रतिसादांत वाचलं की तुम्ही रविवारी मुलांना शिकवता. म्हणजे क्लास तुमचाही आहे. हे वर का लिहिलं नाही?

ठाणे_पूर्व

लिहायला हवं होतं. चौदा मुलं आहेत, जागेचं भाडं निघेल एवढीच फी. पण "तुमचं दुकान आहे म्हणून बोलता" असं सुचवत असाल तर ते मला लागलंय. मी दुकानासाठी दोन दिवस झोप घालवलेली नाही.

गंगापूररोड

सुचवत नाही, विचारतोय. त्या चौदांपैकी कितीजणींना व्हायचंय? आणि कितीजणींना तुम्ही खरं सांगितलंय?

ठाणे_पूर्व

कालपासून याचं उत्तर लिहून खोडते आहे.

तिघींना व्हायचंय. एकीचा टर्नआउट माझ्यासारखाच आहे, म्हणजे कमी. ती अकरा वर्षांची आहे. मी तिला सांगितलेलं नाही. बारला उभी राहिली की तिची मान अशी वर येते की दुसऱ्या कुणाची येत नाही, आणि मला वाटतं अजून एक वर्ष जाऊ दे.

माझ्याही बाईंना माहीत होतं. ६३ नंबर लावून उभी होते तेव्हा शेजारच्या मुलीचा पाय बघितला आणि मला तिथेच कळलं. परत आल्यावर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुला सांगितलं असतं तर तू थांबली असतीस. मी थांबले नसते. पण सांगायला हवं होतं. इतकं तुमचं बरोबर आहे, आणि हे लिहिताना मला अजिबात बरं वाटत नाहीये.

"स्वप्नच बघू देऊ नका" हे मात्र अजूनही चूक आहे. खोटं सांगू नका, इतकंच म्हणा.

श्टुटगार्टवाली

त्या अकरा वर्षांच्या मुलीला सांगा, आणि या वर्षीच. कमी टर्नआउट म्हणजे दार बंद असंही नाही, कंटेम्पररीच्या, म्हणजे आधुनिक नाचाच्या संघांत वेगळी शरीरं चालतात. तुम्हीच नाव घेतलंत तो मनीष चौहानही पुढे कंटेम्पररी करू लागला. पण तिकडे वळायचं तर सोळाव्या वर्षी कळून उपयोग नाही.

तिहाई

बॅलेच का, हे माझं कायम. पण त्या मुलीला सांगाल तेव्हा आईबापांच्या समोर नका सांगू. आधी तिला एकटीला. मी एकदा उलट केलं होतं, ती मुलगी पुन्हा आली नाही.

गंगापूररोड

माझं मत बदललेलं नाही. मुलगी आता पुण्यात आर्किटेक्चर करते, मजेत आहे. बॅलेचा विषय काढला की उठून जाते.

तिचे पॉइंटचे दोन जोड माळ्यावर आहेत, एक तर जेमतेम चारदा वापरलेला. साइज सदतीस. तुमच्या कुठल्या मुलीला होत असतील तर पत्ता कळवा, कुरियर करतो. पैसे नकोत.

घोटा

काका, भावना समजते, पण वापरलेले पॉइंट दुसऱ्या मुलीला देऊ नका. आतली पट्टी आणि टोक पहिल्या पायाप्रमाणे वाकलेलं असतं, दुसरीचा घोटा मुरगळतो. चारदा वापरले असले तरी.

गंगापूररोड

बरं. मग राहू देत माळ्यावर.

ठाणे_पूर्व

काका, रिबिनी चालतील. उसवून पाठवाल का?