मदत हवी आहे: हेल्थ इन्शुरन्स कंपनीचा सॉल्व्हन्सी रेशो घसरतोय, आईची पॉलिसी पोर्ट करावी (दुसऱ्या कंपनीत न्यावी) का?

नमस्कार मंडळी,

आईची पॉलिसी 11 वर्षं एकाच कंपनीत आहे. रिन्यूअल दोन महिन्यांवर आलंय म्हणून कंपनीच्या वेबसाइटवरचे पब्लिक डिस्क्लोजर उघडले, तर दोन वर्षांपूर्वी 2.1 असलेला सॉल्व्हन्सी रेशो (देणी वजा जाऊन कंपनीकडे उरणारी रक्कम नियमाने लागणाऱ्या रकमेच्या किती पट आहे ते) आता 1.64 दिसतोय. विमा नियामक इर्डाची किमान अट 1.5 ची. तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय.

मला कळलंय ते असं. रिइन्शुरन्सचे (विमा कंपनी स्वतः दुसरीकडे काढते त्या विम्याचे) बारकावे सोडले तर निव्वळ प्रीमियमचे 20 टक्के आणि निव्वळ क्लेम्सचे 30 टक्के, यांतली मोठी रक्कम म्हणजे आवश्यक मार्जिन. सगळी देणी वजा जाऊन कंपनीकडे त्याच्या दीडपट उरायला हवं. समजा प्रीमियम 1000 कोटी, क्लेम 600 कोटी. 200 आणि 180 यांतले 200 धरायचे, म्हणजे हाताशी 300 हवेत. क्लेम 800 वर गेले तर मार्जिन 240 होतं. पण क्लेम तेवढेच राहून नुसता धंदा वाढला, प्रीमियम 1200 झाला, तरी 240च! पहिलं काळजीचं, दुसरं तितकंसं नाही. आमच्या कंपनीत यातलं काय झालंय हे कसं ओळखू?

दुसरी शंका जास्त छळतेय. आई मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ॲडमिट होती. कॅशलेस झालं नाही, फाइल आम्ही 12 एप्रिलला दिली. म्हणजे 31 मार्चला कंपनीला आमच्या बिलाचा पत्ताच नव्हता. अशा न कळवलेल्या क्लेम्ससाठी आयबीएनआर ही तरतूद असते आणि तिचा अंदाज ॲक्च्युअरी, म्हणजे विम्याचे गणिततज्ज्ञ, बांधतात. तो अंदाज कमी पडला तर देणी कमी दिसणार आणि रेशो आहे त्यापेक्षा चांगला दिसणार. गेल्या वर्षीची तरतूद प्रत्यक्षात पुरली का, हे बाहेरच्या माणसाला कोणत्या तक्त्यात दिसतं?

एजंट म्हणतात, क्लेम सेटलमेंट रेशो (आलेल्यांपैकी किती क्लेम दिले ते) बघा, पुरे. मला ते पटत नाही. तो आकडा झालेल्या क्लेम्सचा, आणि मला काळजी आहे पुढच्या दहा वर्षांची.

आई 68 वर्षांची, मधुमेह आहे. पोर्ट केल्यावर वेटिंग पिरियडचं (आधीच्या आजारांना कव्हर सुरू होईपर्यंतच्या मुदतीचं) क्रेडिट मिळतं, पण नवी कंपनी प्रपोजल नाकारूही शकते. म्हणून घाईने काही करायचं नाहीये. ज्यांनी विमा कंपन्यांचे ताळेबंद वाचलेत त्यांनी कृपया सांगा, किती तिमाहींचे आकडे शेजारी ठेवून बघू?