गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया : उताणे की पालथे? मदत हवी आहे

माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागात, गुदद्वाराच्या स्नायूंना लागून त्यांना कर्करोगाची गाठ आहे. रेडिएशन आणि केमोथेरपी पूर्ण झाली असून आता गुदाशय व गुदद्वार दोन्ही काढून कायमची कोलोस्टोमी (मल बाहेर पडण्यासाठी पोटावर केलेला मार्ग) करायची आहे. हे आम्ही स्वीकारले आहे. अडचण वेगळीच आहे: शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांना टेबलावर कसे ठेवावे, याबद्दल दोन सर्जनांनी दोन वेगळी मते दिली आणि मला दोन्ही पटली.

पहिले सर्जन सगळी शस्त्रक्रिया लिथोटॉमी स्थितीत करतात, म्हणजे रुग्ण उताणा आणि दोन्ही पाय आधारांवर उचलून फाकवलेले. त्यात रुग्णाला मध्येच उलटवावे लागत नाही, पोटाकडून आणि खालून एकाच वेळी काम करता येते आणि भूलतज्ज्ञांना श्वासनलिकेची नळी हाताशी राहते. दुसरे सर्जन पोटाकडचा भाग झाल्यावर रुग्णाला पालथे करून खालचा भाग काढतात. वडिलांची गाठ पुढच्या बाजूला, प्रोस्टेटजवळ आहे, आणि नेमका तिथला थर पालथ्या स्थितीत सर्जन व सहायक दोघांनाही समोर दिसतो, त्यामुळे गुदाशयाला छिद्र पडण्याची किंवा कडेला कर्करोगाच्या पेशी राहून जाण्याची शक्यता कमी होते, असे त्यांचे म्हणणे आहे. स्वीडनचे सर्जन टॉर्ब्यॉर्न होल्म यांनी २००७ मध्ये मांडलेली पद्धतही पालथ्या स्थितीतलीच आहे. मात्र त्या पद्धतीत स्नायूंचा अधिक भागही काढला जातो, त्यामुळे फायदा झालाच तर तो स्थितीचा की जास्त काढणीचा, हे मला वेगळे करता येत नाही. दोन्ही स्थितींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत.

माझी खरी भीती पायांची आहे. माझ्या काकांची काही वर्षांपूर्वी अशीच पाय उचलून लांबलेली शस्त्रक्रिया झाली होती. कर्करोग निघाला, पण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबल्यामुळे त्यांचे डावे पाऊल वर उचलेनासे झाले आणि चालताना अंगठा प्रत्येक उंबरठ्याला अडखळू लागला. शस्त्रक्रियेपूर्वी याबद्दल आम्हाला कोणी एक शब्दही सांगितला नव्हता. वडिलांचा उजवा खुबा आधीच आखडलेला आहे, मांडी बाहेर फाकवली की त्यांना कळ येते. भूल दिल्यावर ती कळ सांगायला ते शुद्धीवर नसतील, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

ज्यांनी स्वतः किंवा घरच्यांसाठी हा निर्णय घेतला आहे, तसेच जे सर्जन, भूलतज्ज्ञ किंवा परिचारिका आहेत, त्यांनी कृपया सांगावे. खुबा आखडलेला असताना भूल देण्यापूर्वी, रुग्ण जागा असतानाच, पाय आधारांवर ठेवून पाहण्याची विनंती करता येते का? चार तासांहून अधिक वेळ लागणार असेल, तर पोटऱ्यांतला रक्तपुरवठा कमी होऊन कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंमधला दाब वाढून त्यांना इजा होणे) होऊ नये म्हणून पाय मधून मधून खाली घेतले जातात का, आणि ते पाहण्याची जबाबदारी नेमकी कोणाची असते? पालथे केल्यावर डोळ्यांवर व छातीवर दाब येऊ नये यासाठी काय करतात? की ज्या सर्जनचा हात ज्या स्थितीत बसलेला आहे, त्यांना त्याच स्थितीत काम करू द्यावे आणि आम्ही फक्त त्यांच्या अनुभवाबद्दल विचारावे?