मदत हवी आहे: क्लस्टर डोकेदुखीसाठी स्टिम्युलेटर कोणी बसवलाय का?

माझ्या धाकट्या भावाला ४ वर्षांपासून क्रॉनिक क्लस्टर हेडेक आहे. रात्री दीड-दोनला उजव्या डोळ्यामागे सुरी खुपसल्यासारखं दुखतं, डोळा लाल होऊन गळतो, आणि हा घरभर येरझाऱ्या घालतो. (मायग्रेन नाही. सुंठीचा लेपही लावून झालाय!) मास्कने मिनिटाला १२ लिटर ऑक्सिजन घेतला की पंधरा-वीस मिनिटांत उतरतं. व्हेरापामिल हे औषध वाढवलं तर ईसीजी बिघडला, लिथियमच्या गोळ्यांनी फरक नाही.

आता डॉक्टर ऑक्सिपिटल नर्व्ह स्टिम्युलेटर (डोक्यामागच्या नसेला विजेचे सौम्य संकेत देणारं यंत्र) सुचवतायत. डोक्याच्या मागच्या बाजूला कातडीखाली तारा, छातीत बॅटरी. गुण यायला काही महिने लागू शकतात म्हणे. कोणाच्या घरी अनुभव आहे? तार सरकली का? बॅटरी किती टिकली? मेडिक्लेम मिळाला का? आई 'डोक्याला हात लावू देणार नाही' म्हणतेय, तिला कसं समजवू?