ऑट्रॉनिक आय बंद करताना तार कापू नये

ऑट्रॉनिक आय ही जनरल मोटर्सने १९५२ मध्ये कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल गाड्यांवर आणलेली, समोरून वाहन आले की हेडलाइट आपोआप खाली करणारी यंत्रणा रस्त्यावरच्या दिव्यांनाही समोरून येणारे वाहन समजून हेडलाइट सारखे खालीवर करते, म्हणून ती कायमची बंद करावी, हा आपण प्रश्नात मांडलेला विचार मला पूर्णपणे पटतो. मात्र डॅशबोर्डवरील डोळ्याची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागाची, तार सरळ कापून टाकावी, हा आपल्याला दुसऱ्या एकाने दिलेला सल्ला कृपया मानू नये.

त्या डोळ्यात प्रकाशगुणक नळी (मंद प्रकाशाचाही विद्युतसंकेत मोठा करणारी नळी) असते आणि तिला चालण्यासाठी शेकडो व्होल्टचा दाब लागतो. तेव्हा कोणत्याही जोडणीला हात लावण्यापूर्वी बॅटरी सोडवावी आणि काही वेळ थांबावे. दुसरे असे की, अप्पर (लांबवर पडणारा) आणि लोअर (जवळ पडणारा) बीम यांची निवड या व्यवस्थेत रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, करतो. डोळा आणि त्याचा संकेत वाढवणारा अॅम्प्लिफायर निकामी करून रिले तसाच ठेवला, तर अंधाऱ्या महामार्गावर एकच बीम हाती उरण्याचा धोका आहे, आणि तो मला दिवे लुकलुकण्यापेक्षा कितीतरी गंभीर वाटतो.

योग्य मार्ग म्हणजे पायाजवळ साधा तीन टोकांचा डिमर स्विच (पायाने बीम बदलण्याचा स्विच) बसवून मुख्य पुरवठा, अप्पर आणि लोअर या तिन्ही तारा थेट त्यालाच जोडणे. १९५२ची गाडी ६ व्होल्टची आणि १९५३पासूनची १२ व्होल्टची आहे, हे सुटे भाग घेताना पाहावे. काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत, कारण ते आता सहज मिळत नाहीत.