मदत हवी आहे: पायाचं सूप गोठत नाही

सांजवेळ
आईसाठी पायाचं सूप करतोय. तीनदा केलं आणि तिन्ही वेळा पाण्यासारखं पातळ झालं. सकाळी फ्रीजमधून काढल्यावर ते जेलीसारखं थरथरायला हवं, तसं होतच नाही. वासही येतो. शिट्ट्या वाढवून पाहिल्या, फरक नाही. उद्या सकाळी परत पाये आणणार आहे, त्याआधी काय चुकतंय ते सांगा. कृपया 'डॉक्टरांना विचारा' असं लिहू नका, त्यांची औषधं चालूच आहेत.

अळणीरस्सा
किती पाये, किती पाणी, कुकर किती लिटरचा, आच कशी? हे कळल्याशिवाय काय सांगणार? आणि पाये कातडीसकट भाजलेले आहेत की सोललेले?

नाचणीसत्व
आईंना नक्की काय झालंय? हाडांसाठी देत असाल तर नाचणीची आंबील द्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पाये हवेतच कशाला?

सांजवेळ
मनगट मोडलंय, प्लास्टर आहे. वय ६८. नाचणी रोज खातेच ती. माझा प्रश्न सुपाचा आहे.
दोन पाये, कुकर साडेसात लिटरचा, पाणी अर्ध्याच्या थोडं वर. मोठ्या आचेवर आधी आठ शिट्ट्या, मग दहा, मग बारा. पाये सोललेले, पांढरेस्वच्छ, तुकडे करून पाकिटातून येतात.

अळणीरस्सा
सापडलं की. अर्ध्याच्या वर म्हणजे चार लिटर पाणी झालं बघा, तेही दोन पायांना. ते कसं गोठेल?
सूप गोठतं ते जिलेटिनमुळे. कातडी, सांध्याच्या चिवट शिरा आणि कूर्चा यांत कोलॅजन असतं, ते ओल्या उष्णतेत हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. तुम्ही कातडीच काढून टाकलेले पाये घेताय, म्हणजे निम्मा माल दुकानातच राहिला. खाटकाकडून कातडीसकट भाजलेले चार पाये घ्या. एका बकऱ्याचे चार मिळून साधारण ६०० ते ८०० ग्रॅम भरतात. त्याला सव्वा ते दीड लिटर पाणी, जास्त नको.
आणि शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. मोठ्या आचेवर बारा शिट्ट्या वीस मिनिटांतही होतात, तेवढ्यात कोलॅजन पुरतं सुटत नाही. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि तिथून ४५ ते ५० मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या. हाड चिमटीत धरल्यावर मांस स्वतःहून सुटलं पाहिजे.

कढईतलं
कुकरच नको. जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून पाच-सहा तास मंद आचेवर ठेवा. कुकरच्या ११५-१२० अंशांत जिलेटिनची साखळीच तुटते.

अळणीरस्सा
तुटते, पण दोन-अडीच तास कुकरात ठेवलं तर. पाऊण तासात काही होत नाही. पातेल्यात सहा तास गॅस जाळायचा, वर दर तासाला पाणी बघत बसायचं, हे घरात प्लास्टरचं माणूस असताना कोण करणार?

कढईतलं
चव वेगळी लागते. उकळी फुटू द्यायची नाही, नुसते बुडबुडे सुटले पाहिजेत. सूप नितळ राहतं.

पाटावरवंटा
वासाचं कोणीच बोलत नाहीये. पाये नुसत्या पाण्याखाली धुवून भागत नाही. खुराच्या बेचक्यात केस आणि मळ राहतो, वास तिथूनच येतो. भाजलेले पाये आणलेत तरी गॅसच्या ज्योतीवर ते बेचकं पुन्हा धरा, केस चुरचुरून काळे झाले की बोथट सुरीने खरवडा. मग हळद आणि मूठभर गव्हाचं पीठ चोळून पाच मिनिटं ठेवा, गरम पाण्याने धुवा. पीठ काळपट होऊन निघतं, ते पांढरं राहीपर्यंत करा.
त्यानंतर उघड्या पातेल्यात पाये बुडतील एवढं पाणी घालून दहा मिनिटं खळखळ उकळा. वर करडा फेस येतो. ते पाणी टाकून द्या, पाये पुन्हा धुवा आणि मग कुकरात नवीन पाणी घाला. यात पौष्टिकपणा वाहून जातो असं म्हणून पुष्कळ जण हे टाळतात. दहा मिनिटांत कोलॅजन जवळपास सुटतच नाही, जातो तो रक्ताचा अंश आणि घाण.

मत्स्यप्रेमी
मोडलेल्या हाडाला सूप देण्यापेक्षा तारली द्या. कोकम, हळद आणि अर्धी वाटी पाणी घालून कुकरात बारीक आचेवर २० मिनिटं ठेवली की काटे बोटाने चुरडतात, काट्यांसकट खायची. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि चांगली चरबी एकाच ताटात. नाहीतर सुका जवळा भाजून चटणी करा. पूर्वी प्राणी अख्खा खात, म्हणून पोषण पूर्ण मिळायचं. नुसतं हाड उकळून त्यातलं कॅल्शियम पाण्यात उतरत नाही.

नाचणीसत्व
हे मात्र बरोबर. वाटीभर सुपात कॅल्शियम मोजकेच मिलिग्रॅम उतरतं, २०० मिली दुधात २४० च्या आसपास असतं. मग सुपाचा एवढा आग्रह का?

कढईतलं
दोन चमचे व्हिनेगर किंवा लिंबू घालून तासभर भिजत ठेवायचं, कॅल्शियम उतरतं.

अळणीरस्सा
उतरतं, पण इतकं थोडं की दुधाची बरोबरी होत नाही. सूप कॅल्शियमसाठी द्यायचंच नसतं. जिलेटिन मिळतं, आणि ज्याला चावणं नको वाटतं त्याच्या पोटात गरम, खारट, पौष्टिक असं काही जातं. मात्र जिलेटिनचं प्रथिन अपुरं. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात नाहीच. म्हणून त्याच वाटीत एक अंडं फेटून सोडा. अंड्यातून सहा ग्रॅम पुऱ्या दर्जाचं प्रथिन येतं. या वयात वजनाच्या किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिन दिवसाला हवं. आईंचं वजन ५५ किलो असेल तर साधारण ५५ ते ६९ ग्रॅम. नुसत्या सुपावर ते भरत नाही.

शेवंती
अवांतर विचारते. वहिनीला सातवा महिना आहे, हिमोग्लोबिन कमी आहे. सगळे रोज कलेजी द्या म्हणतात. द्यावी का?

पाटावरवंटा
रोज नको, गर्भारपणात कलेजी टाळलेलीच बरी. त्यात तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व खूप असतं. गर्भवतीला त्याची वरची मर्यादा दिवसाला ३००० मायक्रोग्रॅम धरतात आणि १०० ग्रॅम कलेजी ती सहज ओलांडते. जास्तीचं यकृतात साठतं आणि बाळाला अपाय होऊ शकतो. ब्रिटनमध्ये गर्भवतींना कलेजी खाऊच नका असं सांगतात. लोहासाठी डॉक्टरांची गोळी, साधं मटण आणि जेवणात लिंबू पिळणं. गोळीबरोबर चहा आणि कॅल्शियमची गोळी नको.

सांजवेळ
कृपया सुपावर या. कातडीसकट चार पाये आणले, दीड लिटर पाणी, पाऊण तास बारीक आच, सगळं सांगितल्याप्रमाणे. वास गेला. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, तरी गोठलं नाही! थोडं दाट आहे एवढंच.

अळणीरस्सा
कुकर उघडल्यावर काय केलंत? सगळं सांगा, छोटंसुद्धा.

सांजवेळ
विशेष काही नाही. गाळलं, कोमट झाल्यावर मीठ, मिरपूड आणि दोन चमचे आल्याचा ताजा रस घातला. आई आलं घातल्याशिवाय पीत नाही. मग डब्यात भरून फ्रीजमध्ये.

अळणीरस्सा
आल्याचा कच्चा रस! हेच ते. ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर असतं, ते प्रथिन तोडतं. कच्ची पपई मटणाला लावल्यावर जे करते तेच. कोमट सुपात ते रात्रभर जिलेटिनची साखळी कापत बसतं, मग गोठायला काय उरणार? कच्चा अननस घातला तरी असंच होतं.
आलं ठेचून पायांबरोबरच कुकरात टाका, एक इंच पुरे. उष्णतेने विकर मरतं, चव राहते. आणि घाई असेल तर रात्रभर थांबू नका. चमचाभर सूप स्टीलच्या बशीत घालून फ्रीजमध्ये दहा मिनिटं ठेवा. बशी तिरकी केल्यावर थेंब सरकला नाही तर झालं. सरकला तर झाकण काढून बारीक आचेवर आटवा. बोटं सुपात बुडवून एकमेकांना टेकवली आणि सोडवताना चिकटली की समजायचं जिलेटिन पुरेसं आहे.

कढईतलं
आल्याचं लक्षातच आलं नव्हतं. बरोबर आहे.

मत्स्यप्रेमी
गोठो न गोठो, तारलीचं काय ठरलं?

सांजवेळ
मासे नकोत, मागच्या वर्षी तारली-बांगडा खाल्ल्यावर आईच्या पायाचा अंगठा लालभडक सुजला होता. यूरिक ॲसिड ७.९ आलं होतं.

पाटावरवंटा
हे आधी का नाही सांगितलंत? सगळा विषयच बदलला. गाउटमध्ये, म्हणजे यूरिक ॲसिड वाढून सांधे सुजतात त्या आजारात, नुसतं मांस नाही, मांसाचा रस्सा, सूप, स्टॉक हेही टाळायला सांगतात, कारण ज्यांच्यापासून शरीरात यूरिक ॲसिड बनतं ती प्युरिन पाण्यात उतरतात. रस्सा म्हणजे तेच पाणी. कलेजी, गुर्दे, सुका जवळा, तारली, पेडवे यांत तर प्युरिन भरपूर, वर सुक्या मासळीचं मीठ. या धाग्यात आतापर्यंत सुचवलेल्यातलं निम्मं आईंना चालणार नाही.

मत्स्यप्रेमी
मान्य. तारली आणि जवळा दोन्ही मागे घेतो.

नाचणीसत्व
म्हणूनच सुरुवातीला विचारत होते की आईंना नक्की काय झालंय.

पाटावरवंटा
प्राणिज अन्न पूर्ण बंद करायची गरज नाही, उलट या वेळी प्रथिन हवंच. अंडी आणि दूध यांत प्युरिन नगण्य. दिवसाला दोन अंडी, दोन कप दूध, वाटीभर घट्ट दही, ५० ग्रॅम पनीर एवढ्यानेच पस्तीस-चाळीस ग्रॅम प्रथिन होतं. उरलेलं वरण आणि मुगातून. चिकन दिलंच तर तुकडे भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी द्यायचं नाही, तुकडे द्यायचे. ड जीवनसत्त्वाची तपासणी झाली आहे का? आणि तुम्ही नको म्हणालात तरी लिहिते, सुपाचं डॉक्टरांना विचारा.

सांजवेळ
विचारलं. आत्ता यूरिक ॲसिड ८.२ आहे, सूप पूर्ण बंद. ड ची गोळी आठवड्यातून एक लिहून दिली आहे. अंडी सुरू केली, घावन घालून देतो, खाते आवडीने.
काल आणलेले चार पाये होते ते आलं आत टाकून केले. डबा उलटा केला तरी पडत नाही. लिटरभर आहे. मी आणि बाबा किती दिवस खाऊ शकतो?

अळणीरस्सा
फ्रीजमध्ये तीन दिवस. वरचा चरबीचा पिवळट थर काढू नका, तो झाकणासारखा राहतो, खाताना बाजूला करा. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवा, ठोकळे पिशवीत काढून ठेवा, दोन-तीन महिने टिकतात. वापरताना खळखळून उकळी आणायची, नुसतं कोमट करायचं नाही. आणि डब्यावर बाहेरून लिहून ठेवा, म्हणजे आईंच्या वाटीत चुकून जाणार नाही.